डागी

मुठीवर पांढरं स्टिकर होतं : डेमो.
नवी पेठेत कोनापुऱ्यांच्या दुकानातून,
तीन दिवसांसाठी, फुकट,
आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून.
वहीत माझं नाव नववं :
पद्मिनी येमूल, लेखा विभाग, जिल्हा परिषद.
"आवडली तर घ्या, नायतर आणून द्या की,"
ते म्हणाले, आणि कव्हरची चेन अशी लावली
जशी झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर ओढावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहा, कुमठा नाका.
चेंडू फार खाली आला. मी वाकले.
(एप्रिलात त्या वेळेलाही कोर्ट तापलेलं असतं.
हे कारण नाही,
पण घरी येईपर्यंत मी ते कारण म्हणून घोकलं.)
खट्.
एवढाच आवाज, जमिनीनं रॅकेटच्या कानात
काहीतरी सांगितल्यासारखा.
तौफिक सर पलीकडून म्हणाले, "खरचटलंय फक्त मॅडम."
रंग उडाला होता तांदळाएवढा.
त्याखाली रेघ.
डोळ्यांनी शोधली तर नव्हती,
नखानं शोधली तर होती.

पुढचं मी केलं ते मीच केलं.
लेकीच्या टेबलावरून काळं नेलपॉलिश घेतलं.
एक थेंब. फुंकर. अजून एक थेंब.
इतकं नीट काम माझ्या हातून
वर्षभरात दुसरं झालं नव्हतं.

नायना बाजेवर बसले होते.
चौतीस वर्षं मागावर, कान तिथंच ठेवून आलेले.
त्यांनी रॅकेट मागितली, मांडीवर घेतली
आणि फ्रेमकडे बघितलंच नाही. तारा मोजल्या.
"सोळा उभे, एकोणीस आडवे. विणकर कोण?"
मी ओरडून सांगितलं, मशीनवर ओढतात.
"घट्ट ओढलंय," म्हणाले.
मग अंगठा कडेकडेनं फिरत गेला
आणि थांबला.
"इथं."

आमच्या घरातल्या सगळ्या चादरी डागी होत्या.
उभा धागा तुटायचा, कळेपर्यंत
वीतभर रेघ गेलेली असायची.
मुनीम कापड ट्यूबलाइटसमोर धरायचा,
हप्त्यातून पैसे कापायचा,
आणि तीच चादर अर्ध्या किमतीत घरी यायची.
मला वाटायचं मोराच्या गळ्यात
अशी एक फट असतेच.
लता गड्डमच्या घरी पहिल्यांदा अख्खा मोर बघितला
तेव्हा त्यालाच काहीतरी जास्त झालंय असं वाटलं.

"मल्लेशम निळ्या शाईनं रेघ भरायचा," नायना म्हणाले.
"मग?"
"मग काय. माल पास."
"कधी सापडला नाही?"
त्यांना ऐकू आलं नाही,
किंवा आलं असेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
मी काउंटरवर रॅकेट ठेवली, तोंड उघडणार
तोवर कोनापुऱ्यांनी ती नाकाशी नेली.
"नेलपॉलिश होय?"
बाजूला क्रिकेटचे ग्लोव्ह घालून बघणारा पोरगा हसला.
"सहा नंबरनं बूटपॉलिश लावलं होतं.
हे बघा, दांड्याजवळ."
खरंच होतं. दांड्याजवळ त्याची रेघ,
वर माझी. आणि मधे अजून एक,
तिच्यावर कुणी काहीच लावलं नव्हतं.
मी म्हटलं, किती द्यायचे?
त्यांनी वही उघडली, बराच वेळ बघत राहिले,
पंख्यानं पानं उलटली ती परत उलटली.
"अर्धे द्या. हप्त्यानं चालेल की."

आता ती आमच्या दाराच्या मागं असते, खिळ्याला.
जोरात मारली की आत कुठंतरी
बारीक खुळखुळतं.
नायनांनी किंमत विचारली नाही.
मुठीला जुनी पट्टी सोडवून नवी गुंडाळली,
स्टिकर मात्र तेवढं मोकळं ठेवलं.
कोर्टावर कुणी विचारलं
तर मी अजून सांगते,
तीन दिवसांसाठी आणलीय.